सागवान + शिसम टेबलटॉप : सांधा सुटतोय आणि शिसम उपटतंय

भुसाभुसा :
९०० × ५०० मिमीचा, २२ मिमी जाडीचा टॉप करायचा आहे. सागवानाच्या ९० मिमी रुंदीच्या पाच फळ्या आणि मधे शिसमच्या १२ मिमीच्या चार पट्ट्या. हाताशी छोटी टेबल सॉ (६० दात्यांचं पातं), ५ नंबरचा रंधा, हलके चार एफ क्लॅम्प (फळ्या आवळून धरायचे शिकंजे) आणि पिनवाला मॉइश्चर मीटर आहे. मीटर सागाला ११ टक्के दाखवतो, शिसमला १४.

नमुन्याचा सांधा पांढऱ्या सरसाने (पीव्हीए) जोडून, तासभर क्लॅम्पमध्ये ठेवून, दुसऱ्या दिवशी तोडून पाहिला. सरसाची सगळी पापडी शिसमवर राहिली, सागाची कड कोरी करकरीत. सागाच्या कडा कापून बरेच दिवस झाले होते, जोडण्याआधी १२० च्या पॉलिश पेपरने घासल्या होत्या.

१) सागाला इपॉक्सीच (दोन घटक मिसळून वापरायचा चिकटपदार्थ) लागतं का?
२) शिसमवर रंधा कोणत्याही दिशेने मारला तरी तंतू उपटतात. उपाय?
३) टॉप खालच्या फ्रेमला थेट स्क्रूने आवळला तर चालेल?

पटाशी :
पापडी कोणत्या बाजूला राहिली हे लिहिलंत ते बरं केलंत, निदान त्यातच आहे. चांगला सांधा तुटतो तेव्हा लाकूड फाटतं आणि दोन्ही कडांवर तंतू चिकटलेले दिसतात. एक कड कोरी निघाली म्हणजे सरस तिथे धरलाच नाही. दोष सरसाचा नाही, त्या कडेचा.

सागात तेलकट द्रव्यं असतात. ताज्या कापलेल्या कडेवर ती हळूहळू वर येतात, मग पाण्यातला सरस आत मुरत नाही. कडेवर पाण्याचा थेंब टाकून बघा: ताज्या कडेवर पसरतो, जुन्या कडेवर गोळी होऊन बसतो. घासल्यामुळे आणखी बिघडलं असणार, कारण वापरून बोथट झालेला पेपर कड कापत नाही, चकचकीत करतो.

इपॉक्सीची गरज नाही. धारदार रंध्याने कडेवरून दोन-तीन पातळ शेव्हिंग (रंध्यातून निघणाऱ्या साली) काढा आणि तासाभरात जोडा. सरस दोन्ही कडांना लावा. आठही सांध्यांना मिळून ३०-३५ ग्रॅम पुरतो. क्लॅम्प आवळल्यावर सांध्याच्या पूर्ण लांबीत बारीक मण्यांची ओळ बाहेर आली की प्रमाण बरोबर.

सागात सिलिका असते, धार लवकर जाते. प्रत्येक एक-दोन फळ्यांनंतर पात्याला दगड दाखवा.

गुण्या९० :
वरच्याशी सहमत, पण क्लॅम्पचं गणितही बघा. एका सांध्याचं क्षेत्रफळ ९० × २.२ = १९८ चौ. सेमी. कठीण लाकडाला दर चौ. सेमीला साधारण १० किलो दाब धरला तर जवळजवळ दोन टन हवेत. हलका एफ क्लॅम्प दीड-दोनशे किलोच्या पुढे फारसा जात नाही. म्हणजे चार क्लॅम्पने निम्मंही भागत नाही. दाब कमी पडतो तिथे कडांची अचूकता कामाला येते. मधे फट नसेल तर कमी दाबावरही सांधा पक्का होतो. फट मिटवायला क्लॅम्प वापरला की लाकूड आयुष्यभर उलट ओढत राहतं.

दाब क्लॅम्पच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत पसरतो. तुमची बाहेरची फळी ९० मिमीची, म्हणजे पहिल्या सांध्यापर्यंत एक क्लॅम्प १८० मिमी लांबी सांभाळतो. बाहेरून ५० मिमी जाडीची सरळ पट्टी ठेवली तर २८० मिमी. दाब सगळीकडे पोचवायला ९०० ला चार क्लॅम्प मग पुरतात. दोन वरून, दोन खालून लावा, नाहीतर टॉप धनुष्यासारखा वाकेल.

कडा तासताना शेजारच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटून वाइसमध्ये एकत्र धरा आणि दोन्ही कडा एकदमच रंधून घ्या. रंधा अर्धा अंश कलला तरी उघडल्यावर दोन्ही चुका एकमेकींना खातात. पट्ट्यांना हे जमत नाही, तिथे गुण्या लावूनच काम. शेवटी मधल्या भागातून दोन-तीन शेव्हिंग जादा काढा, ९०० मिमीत ०.२ मिमी पोकळी पुरे. टोकं आधी सुकतात आणि सांधा तिथूनच उघडायला लागतो, म्हणून टोकांवर दाब जास्त हवा.

आठही सांधे एकदम करू नका. सरस ५-१० मिनिटांत साय धरतो. आधी दोन अर्धे, मग मधला सांधा.

११ आणि १४ या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास नको. पिनवाला मीटर प्रजातीनुसार चुकतो. शिसमचा तुकडा वजन करून १०३ अंशांवर ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. घटलेलं वजन भागिले सुकं वजन, गुणिले १००. दोन लाकडांत २ टक्क्यांच्या आत फरक असला की पुढे जा.

आणि स्क्रू थेट नको! फ्लॅट सॉन म्हणजे वलयं रुंदीला साधारण समांतर असलेल्या सागात आर्द्रता ४ टक्क्यांनी बदलली तर ५०० मिमी रुंदी जवळपास ३.७ मिमीने बदलते. क्वार्टर सॉन (वलयं जाडीत उभी) असेल तर २ मिमीने. लांबीत बदल नगण्य. मधला स्क्रू घट्ट, बाकीचे ५ × १० मिमीच्या लांबट भोकात वॉशर घालून. भोक रुंदीच्या दिशेने लांब हवं, हे बरेच जण उलटं करतात.

उलटीरेघ :
सागाची कड ॲसिटोनने पुसून घेतली तर तेवढा वेळ वाचतो. पुसल्यावर पाच मिनिटं थांबा, लगेच जोडा.

शिसमचं दुखणं वेगळं. त्यातले तंतू थराथराने उलटसुलट वळलेले असतात, एका पट्टीत दोन दिशा. म्हणून फिरवून रंधलं तरी दुसरा थर उपटतो. रंध्याच्या पात्यावरची पट्टी, चिपब्रेकर, पात्याच्या धारेपासून ०.२ मिमीवर आणा. तिची पुढची कड ५० अंशांच्या आसपास घासून घ्या आणि पात्याला कुठेही फट न राहता टेकू द्या. शेव्हिंग ०.१ मिमीपेक्षा पातळ. शेव्हिंग कुरळी न होता सरळ वर आली की नेमकं बसलं. भात्यासारखी चुरगळली तर पट्टी फार पुढे आली आहे. तरीही उपटलं तर कार्ड स्क्रेपर (लाकूड खरवडायची पातळ पोलादी पट्टी).

६० दात्यांचं पातं लांबीत चिरायला नको, २४ दात्यांचं लावा. शिसम जळून काळं पडतं आणि त्या जळक्या कडेवर सरसही धरत नाही. पट्ट्या १५ मिमीच्या काढून आठवडाभर ठेवा, वाकायच्या त्या वाकतील, मग १२ वर आणा. अरुंद पट्टीला रिव्हिंग नाइफ (पात्यामागची, चीर मिटू न देणारी पट्टी) आणि पुश स्टिक (लाकूड ढकलायची काठी) हवीच. दोन्ही लाकडांची धूळ त्रास देते, मास्क विसरू नका.

पटाशी :
ॲसिटोनला विरोध नाही, पण ते पुसल्याने चकचकीत झालेली कड मोकळी होत नाही. रंधा मारलाच असेल तर ॲसिटोन ऐच्छिक.

भुसाभुसा :
धन्यवाद मंडळी. वर ऑइल व्हार्निश द्यायचा विचार आहे. त्यात काही अडचण?

उलटीरेघ :
आहे. शिसममधली द्रव्यं तेलाचं सुकणं अडवतात, पट्ट्यांवर व्हार्निश दिवसेंदिवस चिकट राहतं. आधी मेण काढलेली लाख द्या : २५० मिली स्पिरिटला ३० ग्रॅम चपडा लाख. पण स्पिरिटने शिसमचा रंग सुटतो आणि सागावर तांबूस ओघळ येतो. म्हणून पहिले दोन हात बारीक ब्रशने फक्त पट्टीवर, लांबीच्या दिशेने. ते सुकले की मग सगळ्या टॉपवर.

त्याआधी पॉलिश पेपर शक्यतो टाळा. शिसमची गडद धूळ सागाच्या रंध्रांत बसते आणि निघत नाही. शेवटचा हात स्क्रेपरचा. पेपर लागलाच तर सपाट ठोकळ्यावर, बोटांनी दाबून घासलं तर मऊ साग खाली जातो आणि पट्ट्या उंचवटा धरतात.

जोडल्यानंतर हे सगळं करायला आठवडाभर थांबा. सरसातलं पाणी सांध्याजवळचं लाकूड फुगवतं. तेव्हाच सपाट केलं तर सुकल्यावर प्रत्येक सांध्यावर बारीक खळ पडते, आणि चकाकत्या व्हार्निशखाली ती लांबूनही दिसते.

गुण्या९० :
खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्या. एकच बाजू बंद केली तर आर्द्रता दुसऱ्या बाजूनेच आत-बाहेर होते आणि टॉप वाटीसारखा वळतो. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.