लोहगड आधी नको, विसापूर आधी

लोणावळ्याजवळच्या मळवली स्टेशनपासून निघून तिथेच परत येणारा ट्रेक हवाय, सोबत बारा वर्षांची मुलं आहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर कुणीतरी सुचवलेला आधी लोहगड, मग विसापूर किल्ला हा बेत उत्तम आहे, फक्त क्रम उलटा करा.

पायथ्याच्या भाजे गावाकडून सकाळीच विसापूर चढा. दमवणारा चढ हाच आहे: झाडीतली वाट, सुटे धोंडे आणि शेवटी तुटक्या पायऱ्या. वर मारुतीचं देऊळ लागतं, तिथे मुलांना बसू द्या. माथा प्रचंड पसरलेला आहे आणि धुक्यात वाट हमखास चुकते, म्हणून तटबंदी धरूनच चाला. तटावरून समोरचा लोहगड नीट बघा. १८१८ साली इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगड त्यांच्या हाती पडला. दोन्ही किल्ले इतके जवळ आहेत की विसापूर पडल्यावर लोहगड का टिकला नाही, हे मुलांना तिथे उभं राहूनच कळेल.

मग दोन्ही किल्ल्यांमधल्या गायमुख खिंडीत उतरून लोहगडवाडीत पिठलं-भाकरी. लोहगडाला चांगल्या बांधीव पायऱ्या आहेत, त्यामुळे दुपारी थकल्या पायांनाही झेपतो. विंचूकाटा, म्हणजे लोहगडाची विंचवाच्या नांगीसारखी लांब सोंड, पाहायचाच, पण पावसात त्या टोकाकडचा कातळ निसरडा असतो. तेव्हा मुलांना तिथे नेऊ नका. उतरून भाज्यामार्गे मळवली.

जुलै-ऑगस्टचा रविवार मात्र टाळाच. दरवाजांत अक्षरशः रेटारेटी असते आणि मुलांसाठी ती मला ओल्या कातळाइतकीच धोक्याची वाटते. ऑक्टोबरात जा, रानफुलंही मिळतील.