प्रवासाचा दिवस : सामान, रांगा आणि 'पोचलो'चा फोन

माळ्यावरची
परवा माळा उपसला. लेक कामासाठी गुवाहाटीला चाललाय, पहिल्यांदाच एकटा, आणि त्याला जुनी निळी सॅकच हवी होती. सापडली. बंदाला रबराची दोरी, दोरीत पुठ्ठ्याचा टॅग, त्यावर जांभळा लंबगोल शिक्का. तारखेतलं २०१२ तेवढं वाचता येतंय. तिथेच शिडीवर बसले.

दादाची पोस्टिंग तेव्हा आसामात तेजपूरला होती. आम्ही दोघं, मुलं (७ आणि ३) आणि आई-बाबा. त्या दोघांचा पहिला विमानप्रवास. सकाळी ६ चं विमान म्हणून आई रात्री १ लाच आंघोळ करून बसली. दादासाठी ४० गूळपोळ्या. बॅगेचं वजन कसं केलं? आधी बाबा एकटे काट्यावर, मग बाबा बॅग घेऊन, आणि वजाबाकी. दर वेळी बाबांचंच वजन वेगळं यायचं.

पुण्याच्या लोहगाव विमानतळाचं जुनं टर्मिनल आठवतंय ना? त्यापेक्षा स्वारगेट परवडलं. डिसेंबरच्या सुट्ट्या आणि लग्नसराई एकदमच. बसायला जागा नाही, मुलं बॅगांवर झोपलेली. सिक्युरिटी झाली, बायकांची पडद्याआडची रांग झाली, हुश्श म्हणून गेटवर आलो तर तिथला माणूस म्हणाला, "इस बॅग के टॅग पे स्टॅम्प नहीं है." हीच सॅक. मुलाने ती मशीनमधून निघाल्या निघाल्या पळवली होती. आता परत मागे जा, शिक्का मारून आणा. नवरा पळत सुटला. बाकीचे विमानाकडे जाणाऱ्या बसमध्ये चढले, बाबा सोडून. एक पाय पायरीवर, एक खाली, दांडा घट्ट धरून. "जावई आल्याशिवाय बस हलणार नाही." आयुष्यभर एसटीने फिरलेला माणूस, त्याला बस कशी थांबवायची ते बरोबर माहीत!

कोलकात्याला चार तास थांबायचं होतं. आई विचारते, तेवढ्यात दक्षिणेश्वर होईल का गं? नाही म्हटल्यावर खुर्चीतूनच हात जोडले.

गुवाहाटीला उतरलो तेव्हा दोन वाजून गेलेले. पुढे गाडीने पावणेदोनशे किलोमीटर. आणि साडेचारला अंधार. आई घड्याळ कानाला लावून बघतेय, बंद पडलं की काय. कोलिया भोमोरा पुलावर ड्रायव्हर म्हणाला, ब्रह्मपुत्रा. काच खाली केली तर नुसता काळोख आणि गार वारा. तीन किलोमीटरचा पूल, संपेचना. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली ती पूल संपेपर्यंत.

दादा गेटवर उभा होता. दीड वर्षाने भेट. आईचं पहिलं वाक्य, "पोळ्या मोडल्या असतील रे सगळ्या."

तुमचेही असे दिवस लिहा. सहल नको, पोचेपर्यंतचाच दिवस.

घाटपायथा
शिक्का!!! विसरलोच होतो. प्रत्येक हँडबॅगला टॅग, आपल्या पर्सला, लॅपटॉपला, पोराच्या वॉटरबॅगलासुद्धा. कधी बंद झालं ते?

बिनचाकी
२०१७ च्या एप्रिलपासून. आधी मुंबई, दिल्ली वगैरे ७ विमानतळांवर, मग हळूहळू बाकीकडे. माझ्या नणंदेने शिक्क्याचे टॅग जमवले होते, पासपोर्टसारखे.

आत्याबाईंना मिशा
मुंबईकरांनो, विमानतळाच्या टर्मिनलांचा, टी वन टी टू चा किस्सा कुणाकडे नाही ते सांगा आधी. आमचा हा घ्या.

२०१९, मे महिना. डोंबिवलीहून नऊ माणसं, दोन गाड्या, जायचं बागडोगऱ्याला, म्हणजे दार्जिलिंगकडच्या विमानतळावर. पुढच्या गाडीत मी, बायको, पोरं, काका. मागच्या गाडीत आई, आत्या, आतोबा आणि आत्याची सून. माझ्या गाडीने सहारला, म्हणजे टी टू ला आणून सोडलं, बरोब्बर. आत्याने मात्र ड्रायव्हरला ठणकावलं, "डोमेस्टिक म्हणजे सांताक्रूझ, मी १९८८ पासून येतेय." तिच्या काळात खरंच तसं होतं, चूक म्हणवत नाही. पण आता टी टू मधून देशातलीही विमानं जातात, हे तिला कोण सांगणार. सुनेने सांगितलं असेल, तर ते ऐकून घेणार कोण?

तर ते चौघे टी वन वर उतरले, गाडी सोडून दिली, ट्रॉल्या भरल्या. तिथून फोन, "अरे तुम्ही कुठे आहात, आम्ही दारात उभे आहोत." मी पण म्हणतोय, आम्ही पण दारात उभे आहोत. पाच मिनिटं दोन्हीकडून हात हलवणं चालू. खांबाचा नंबर सांग म्हटल्यावर उजेड पडला.

आता खरी गंमत. सगळ्यांची आधार कार्डं आत्याच्या पर्समध्ये, कारण "तुम्ही हरवाल". म्हणजे तिकडे कार्डं नऊ आणि माणसं चार, इकडे माणसं पाच आणि कार्ड शून्य. आम्हाला आतही घेईनात. दोन टर्मिनलच्या मधे रनवे, बाहेरून वळसा घालून यायचं, त्यात संध्याकाळचं ट्रॅफिक. आत्या दोन रिक्षा करून आली. पहिल्या रिक्षात ती आणि पर्स, दुसरीत बाकीचे आणि सामान. उतरल्या उतरल्या माझ्याकडे बघून, "तुला साधं टर्मिनल नीट सांगता येत नाही?"

विमान मिळालं. ते तासभर उशिरा होतं, हे आमचं नशीब. आत्या आजही म्हणते की तिला ते माहीत होतं.

घाटपायथा
हसून हसून पुरेवाट. "तुम्ही हरवाल" हे आमच्याकडे सासरे म्हणतात.

कोकणकन्या_नव्हे
आता नवी मुंबईचंही झालंय. आत्याबाईंना तिसरा पर्याय.

आत्याबाईंना मिशा
नका हो. तिने आधीच विचारलंय, "मला पनवेल जवळ की लांब?"

सध्या कुकर
घाईत लिहितेय. आई दिल्लीला माझ्याकडे यायची तेव्हा मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणायचीच. २०२२ नंतर एकदा चेक-इनची बॅग उघडायला लावली. सुकं खोबरं चालत नाही, त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून. आई म्हणे, मग आमच्या घरातला डबा इतकी वर्षं कसा नाही पेटला? शेवटी तिथेच मागे उभ्या असलेल्या भावाच्या हातात वाट्या ठेवल्या. आता घरूनच खोबरं भाजून, वाटून, तयार काळा मसाला आणते. तो आजवर कुणी अडवला नाही.

बिनचाकी
पॉवर बँकही चेक-इनमध्ये चालत नाही, ती जवळच ठेवायची. हे आमच्या ह्यांना दर वेळी काउंटरवर आठवतं. मग भर रांगेत जमिनीवर बॅग उघडायची, वर ह्यांचे बनियन, लोक बघतायत.

सध्या कुकर
बनियन +१

उत्तरपूर्व
मूळ लेखातल्या अंधाराबद्दल. सगळ्या देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे, मिर्झापूरजवळून जातो तो. एका अंशाला चार मिनिटं. पुणे आणि तेजपूरमध्ये जवळपास १९ अंश, म्हणजे सूर्य तिकडे सव्वा तास आधी. शिवाय तेजपूर बरंच उत्तरेला, त्यामुळे डिसेंबरात दिवस आणखी आखूड. मी जोरहाटला चार वर्षं होतो. चहाच्या मळ्यांत 'बागान टाइम' असतो, एक तास पुढे. मजुरांचं सगळं त्यावर. माझा पहिला आठवडा प्रत्येक ठिकाणी एक तास उशिरा पोचण्यात गेला.

माळ्यावरची
अय्या, हे आईला सांगते. ती अजून म्हणते की त्या दिवशी तिचं घड्याळ मागे पडलं होतं.

पायरी पायरी
लेह. २०१६, जून. बाबा ६४, आई ६०. दिल्लीहून पहाटेचं विमान, तिकडे बहुतेक विमानं सकाळीच, दुपारी वारं सुटतं. सव्वा तासात तुम्ही साडेतीन हजार मीटरवर. मी आठवडाभर बजावत होतो, पहिला दिवस नुसतं पडून राहायचं. बाबा मान डोलवायचे. हॉटेलवर पोचल्यावर मी काउंटरवर सह्या करतोय तोवर बाबा दोन बॅगा उचलून दोन जिने चढून मोकळे. "पोराला त्रास नको." संध्याकाळी डोकं धरून बसले, उलटी, बोटाला तो चिमटा लावून ऑक्सिजन बघणं, सगळं झालं. डॉक्टर येऊन गेले, रात्रभर सिलिंडर. सकाळी ठीक. आई रात्रभर त्यांचे पाय दाबत बसली होती आणि सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं तर म्हणे जागरणाने असेल.
परत निघताना विमानतळावर बाबांनी बॅगेला हात लावला नाही. बाकी कुणी काही बोललं नाही.

घाटपायथा
बाप रे. आता बरे आहेत ना?

पायरी पायरी
हो हो. परवाच सिंहगड चढून आले. सांगितलं नाही, बुटांच्या मातीवरून कळलं.

नाव काय ठेवू
पुण्याचं विमानतळ हवाई दलाचं. फोटो काढू नका सांगतात तरी आमचे मेहुणे विमानाच्या शिडीवर थांबून सेल्फी काढायला गेले. जवान आला, फोटो डिलीट करायला लावला, ट्रॅशमधूनही. मेहुणे बागडोगऱ्यापर्यंत गप्प. आमच्या सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात शांत प्रवास.

आझाद_हिंदवाला
विमान विमान काय लावलंय. आम्ही पुणे हावडा आझाद हिंद एक्सप्रेसने जायचो, दीड दिवस. नागपूरला मामा डबा घेऊन प्लॅटफॉर्मवर यायचा. विमानात कोण येतं डबा घेऊन?

कोकणकन्या_नव्हे
धागा विमानाचा आहे काका.

आझाद_हिंदवाला
धाग्यात 'प्रवासाचा दिवस' लिहिलंय. आमचे दीड दिवस.

मधली सून
सासूबाईंना व्हीलचेअर. आधी नकोच, "मी काय पांगळी आहे?" गुडघे इतके सुजलेले की बेसिनपाशी उभं राहवत नाही, पण नको. शेवटी ह्यांनी खोटंच सांगितलं, तिकिटात फुकट आहे, नाही वापरली तर वाया जाईल. फुकट म्हटल्यावर बसल्या. खरं तर फुकटच असते, आधी सांगून ठेवावं लागतं एवढंच. मग काय! ढकलणारा मुलगा बिहारचा होता. त्याचं गाव, भावंडं, लग्न कधी, सगळी चौकशी. सिक्युरिटीला वेगळी रांग, विमानात सगळ्यांच्या आधी. आम्ही सहाजण मागून लग्नाच्या वरातीसारखे. उतरताना त्याला पर्समधून लाडू काढून दिला आणि मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुझ्यासाठी पण सांग, तुझी कंबर दुखते ना."

सध्या कुकर
डोळ्यात पाणी आलं आणि हसूही.

चुकलेली बॅग
आमची मरून बॅग, सगळ्या जगाची मरून बॅग. चंदीगडला पट्ट्यावरून उचलली, हॉटेलात उघडली तर आत लहान बाळाचे कपडे, डायपर, ग्राइपवॉटर. आमचं बाळ २२ वर्षांचं. टॅगवरून फोन लागला तेव्हा त्या बाई रडायच्या बेतात. त्यांच्याकडे माझ्या सासऱ्यांच्या गोळ्या. रात्री अकराला अर्ध्या वाटेत पेट्रोल पंपावर अदलाबदल. तेव्हापासून हँडलला हिरवी लोकर, भरपूर. बघणारे म्हणतात मुंज झालीय का बॅगेची.

श्रावणसरी
२६ जुलै २००५. दिल्लीहून मुंबई, मी, आई, धाकटा भाऊ. वरून नुसते ढग, घिरट्या, मग अहमदाबाद. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिमी पडला हे नंतर वाचलं, तेव्हा आम्हाला फक्त 'पाऊस आहे' एवढंच सांगितलेलं. बाबा घरी एकटे, कलिन्यात तळमजला. फोन लागेना. रात्रभर विमानतळावर आई खुर्चीत सरळ बसून. भाऊ तिच्या मांडीवर. २८ ला घरी पोचलो. बाबा वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे, दुसऱ्याच कुणाची तरी लुंगी नेसून दारात. आई त्या लुंगीकडे बघून हसत सुटली ती थांबेना. जास्त नाही लिहीत.

माळ्यावरची
नका लिहू. वाचून गळा दाटला.

आत्याबाईंना मिशा
आमची गाडी त्या रात्री कुर्ल्याला अडकली होती. कधीतरी वेगळा धागा काढू या.

बर्फाची गोळी
श्रीनगरहून परत येणाऱ्यांनी चार तास आधी निघा, खरंच. विमानतळाच्या बऱ्याच अलीकडे गेटवर गाडीतून सगळे उतरा, सगळं सामान मशीनमधून, परत भरा, पुढे टर्मिनलला पुन्हा तेच. आमच्याकडे अक्रोडांची दहा किलोची गोणी. प्रत्येक ठिकाणी गोणी सुटली, प्रत्येक ठिकाणी चार अक्रोड घरंगळले. घरी आठ किलो पोचले असतील.

आझाद_हिंदवाला
रेल्वेत असतं तर दहाच्या दहा आले असते.

बर्फाची गोळी
तुम्ही खाल्ले असते काका.

नाव काय ठेवू
ताई, लेक निघाला का?

माळ्यावरची
आज सकाळीच. नव्या टर्मिनलवरून. आम्हाला आत यायचं नाही म्हणाला, बाहेरच सॅक घेतली आणि गेला. टॅग मी काढून ठेवला होता, त्याने मागून घेतला आणि परत बंदाला अडकवला. मघाशी मेसेज, 'लँडेड'. फोन नाही. इथे मी कधीची फोन हातात घेऊन.

उत्तरपूर्व
स्वेटर दिलात ना? रात्री गार असतं.

माळ्यावरची
दिलाय. कालच्या गूळपोळ्या पण. या वेळी १२ च, पेपर नॅपकिन घालून डब्यात.

मधली सून
गुळात बेसन भाजून घालता का? माझा गूळ कडेने बाहेर येतो.

माळ्यावरची
घालते, आणि तीळकूट. कडा सोडून सारण भरायचं. संध्याकाळी लिहिते नीट, दूध ठेवलंय गॅसवर.