क्लबहाऊसमधलं शिबिर आणि ग्रुपवरची कुस्ती

सेक्रेटरी काका: नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवार-रविवारी क्लबहाऊसमध्ये मुली व महिलांसाठी स्वसंरक्षण शिबिर ठेवत आहोत. रोज तीन तास, माणशी ८०० रुपये. डोळा, गळा आणि जांघ, एवढ्या तीन जागा कळल्या की कितीही धिप्पाड माणूस लोळवता येतो, असं शिकवणारे सर म्हणाले. नावं द्या.

मानसीची आई: मानसी आणि मी 🙏

अनघा (सी-७०२): काका, पैसे गोळा करायच्या आधी सरांना एवढं विचाराल का? सराव करताना समोरचा माणूस विरोध करणार की मनगट धरून पुतळ्यासारखा उभा राहणार?

सेक्रेटरी काका: समजलं नाही.

अनघा: मनगट सोडवायचा प्रकार सगळ्या शिबिरांत असतो. धरणारा सैल धरतो, आपण झटका देतो, हात सुटतो, टाळ्या पडतात, फोटो निघतो. खऱ्या प्रसंगात तो दुसऱ्या हाताने केस धरतो, भिंतीशी दाबतो, आणि झटका दिल्यावर आणखी जोर लावतो. तो जोर कसा असतो हे एकदाही न अनुभवता मुली ‘मला येतं’ समजून घरी जातात. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

रोहित (बी-५०१): ताई, तुम्ही ज्युदोवाल्या, म्हणून असं वाटतं. ज्युदोत मॅट, रेफरी, वजनगट. रस्त्यावर कुणी रेफरी ‘हाजिमे’ म्हणजे ‘सुरू करा’ म्हणेपर्यंत थांबतं का? जे खरं घातक ते स्पर्धेत चालत नाही. म्हणूनच तर क्राव मागा, म्हणजे ते इस्रायली स्वसंरक्षण, वगैरे वेगळं शिकवतात.

अनघा: क्राव मागा ज्यांनी उभं केलं ते इमी लिख्टेनफेल्ड स्वतः बॉक्सिंग आणि कुस्तीच्या स्पर्धा खेळलेले होते रे! आणि ‘घातक ते खेळात चालत नाही’ हा वाद फार जुना आहे. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले ठोसे, लाथा वगैरे प्रकार त्यांनी ‘काता’ म्हणजे ठरवून करायच्या सरावात ठेवले. फेकायचे आणि दाबून धरायचे डाव मात्र पूर्ण ताकदीने एकमेकांवर करायला लावले. कारण सरळ आहे. डोळ्यात बोट घालायचा सराव रोज कुणावर करणार? जे रोज जोर लावून करता येतं तेच ऐन वेळी हाताशी येतं.

रोहित: बरं, पण नियम नसले तर?

अनघा: तेही करून झालंय. नोव्हेंबर १९९३, अमेरिकेत डेन्व्हर, पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या लोकांची आपसातली स्पर्धा. चावणं आणि डोळ्यात बोट घालणं सोडलं तर जवळपास सगळं चालत होतं. वजनगट नव्हते. ब्राझिलियन जुजुत्सूवाल्या हॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवलं, आणि तो काही तिथला सगळ्यात दांडगा नव्हता. त्याच्या घराण्याला ती विद्या मिळाली कानोंच्याच कोदोकानमधून ब्राझीलला गेलेल्या माएदाकडून.

आप्पा (ए-१०१): कोल्लापुरात एवढं इंग्रजी लागत न्हाई 😀 आमच्या तालमीत वस्ताद म्हणायचे, जोड धरल्याबिगर डाव कळत न्हाई. तोंडानं धोबीपछाड सगळ्यास्नीच येतो. खाशाबा १९५२ ला हेलसिंकीतनं ब्राँझ घेऊन आले ते असल्याच मातीत घुसळून. पोरींना कुस्ती शिकवा. ऑलिंपिकमध्ये पोरींची कुस्ती २००४ पासनं हाय.

रोहित: आप्पा, मान्य. पण पैलवानाला सवय काय? खाली घ्यायचं आणि वर बसून चितपट करायचं. रस्त्यावर वर बसलात की त्याचा दुसरा मित्र मागून डोक्यात घालतो.

आप्पा: मग बसू नगंस! पाडायचं, सुटायचं आन पळायचं. पळायला दम लागतोय, त्यो जोर-बैठकांनी येतोय.

अनघा: रोहितचा हा मुद्दा मात्र खरा आहे. ज्युदोतही समोरच्याला पाठीवर पाडलं की गुण, आणि आपण त्याच्याबरोबर जमिनीवर जातो. चाकू, दोघं-तिघं, अंधार, खांद्यावर सॅक, यातलं काहीच मॅटवर नसतं. ते वेगळं शिकवायलाच हवं. पण विरोधाची सवय असलेल्या मुलीला ते आठवड्यात शिकवता येतं. उलट होत नाही.

डॉक्टर काका (डी-२०३): हाडांचा डॉक्टर म्हणून दोन शब्द. मुठीने ठोसा मारून करंगळीच्या मागचं हाड मोडून घेतलेले तरुण आमच्याकडे नेहमी येतात. बॉक्सर हाताला पट्ट्या गुंडाळतात आणि वर ग्लोव्ह घालतात ते उगाच नाही. मुलींना तळहाताची टाच किंवा कोपर वापरायला शिकवा. दुसरं, मारामारीत जीव बऱ्याचदा ठोशाने जात नाही, डोकं फरशीवर आपटून जातो. ज्युदोत पहिल्यांदा पडायला शिकवतात, हनुवटी छातीला आणि हात जमिनीवर, ते मला सगळ्यात कामाचं वाटतं. बाथरूममध्ये घसरणाऱ्या आमच्या वयाच्या लोकांनाही शिकवा.

वकील ताई (बी-३०२): आणि ‘लोळवता येतो’ यावर एक सूचना. स्वतःच्या बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे (१ जुलै २०२४ पासून, आधी भादंविचं ९६ ते १०६). पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा नाही. धोका टळल्यावर, माणूस पडल्यावर लाथा घालत बसलात तर बचावाचा मुद्दा कोर्टात टिकवणं अवघड. सरांच्या अभ्यासक्रमात ‘कधी थांबायचं’ हे आहे का, विचारा.

मानसी (ए-४०३): मी बोलू का? सगळे अंधाऱ्या गल्लीतल्या गुंडाबद्दल बोलताय. मला तसा कुणी आजवर भेटला नाही. भेटतो तो बसमध्ये चिकटून उभा राहणारा. नाहीतर लग्नात ‘किती मोठी झालीस’ म्हणत पाठीवर हात ठेवून तो न काढणारा नातेवाईक. त्याच्या डोळ्यात बोट घालू की त्याला धोबीपछाड मारू? आई तर म्हणेल, चारचौघांत तमाशा नको.

मानसीची आई: मी असं कधी म्हटलं?

मानसी: आई, मे महिन्यातलं लग्न.

अनघा: मानसी, शाब्बास. हे कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत, ना सरांच्या, ना माझ्या. आपल्याकडे बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या मुलींवर एक मोठा अभ्यास झाला, २०१५ साली छापून आला. एकूण १२ तासांचं प्रशिक्षण, चार सत्रं. हातापायीचा भाग फक्त एका सत्रात. बाकी वेळ कशाला? ओळखीच्या माणसाचं वागणं कुठे बदलतं ते ओळखायला, आणि ‘त्याला वाईट वाटेल’ ही आपल्याच मनातली अडचण बाजूला सारून मोठ्याने ‘हात काढा’ म्हणायला. पुढच्या वर्षभरात बलात्काराचं प्रमाण नुसती पत्रकं दिलेल्या मुलींत ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२.

डॉक्टर काका: म्हणजे १२ तासांतही फरक पडतो. मग अनघा, दोन दिवसांच्या शिबिराला तुझा विरोध कशाला?

अनघा: दोन दिवसांना नाही, काका. त्या दोन दिवसांत काय शिकवतात त्याला आहे. सहा तासांत तीन जागा पाठ करून घेण्यापेक्षा ओरडायला, ढकलायला, सुटून पळायला आणि ११२ लावायला शिकवा, तेही खरा जोर लावणाऱ्या माणसासमोर. आणि ज्यांना पुढे जायचं आहे त्यांना ज्युदो, कुस्ती, बॉक्सिंग, जे जवळ असेल ते, वर्षभर.

आप्पा: कुस्ती.

सेक्रेटरी काका: सरांशी आत्ताच फोनवर बोललो. हेल्मेट, पॅड घालून जोर लावायला ते तयार आहेत, पण त्यांचा सहायक गावी गेलाय. मुली वीस, माणूस एकच. आणखी कुणी उभं राहील का? रोहित?

रोहित: काका, शनिवारी मला ऑफिसचं काम आहे.

सेक्रेटरी काका: रविवारी?

मानसी: रोहितदादा, हेल्मेट मिळणार आहे ना 😂

रोहित: बरं, रविवारी. पण जांघेचं पॅड मी स्वतः तपासून घेणार.

सेक्रेटरी काका: ठरलं. क्लबहाऊसची फरशी गुळगुळीत आहे, पडायचा सराव करायचा तर गाद्या लागतील. ज्यांच्याकडे जादा आहेत त्यांनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत खाली आणून द्या. वर फ्लॅट नंबर लिहा, मागच्या वेळी कुणाची कुठली यावरून वाद झाला होता.