अमेरिकेतली न्यूजरूम फेलोशिप: बातम्या करू देतात का?

वऱ्हाडी_बातमीदार: जिल्ह्याच्या पेपरात रिपोर्टर आहे, आल्फ्रेड फ्रेंडली फेलोशिपला अर्ज करायचं चाललंय. आधी मिझुरी राज्यात ट्रेनिंग आणि मग अमेरिकेतल्या एखाद्या न्यूजरूममधे काम, असं कळलं. बाहेरच्या माणसाला खरंच बातम्या करू देतात की नुसतं बसवून ठेवतात? कोणी जाऊन आलंय का?

शाईपेन: मी अशाच एका फेलोशिपवर होते. करू देतात, बायलाइनसकट, म्हणजे बातमीवर आपलं नाव छापून! पण सुरुवात स्कूल बोर्डाच्या (गावच्या शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या) मीटिंगपासून होते, आणि ते कमी समजू नकोस कारण गावाचा टॅक्स कुठे जातो ते तिथेच कळतं. मला सगळ्यात आवडलं ते तपासणीचं काम. कोलंबिया मिझुरियन हा मिझुरी विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाचा पेपर, १९०८ पासूनचा, रिपोर्टर विद्यार्थी आणि वर अनुभवी संपादक, तिथे छापायच्या आधी बातमीतल्या माणसाला फोन करून नाव, आकडे, त्याचं म्हणणं परत पडताळतात. आपल्याकडे डेडलाइनच्या नावाखाली हे कोण करतं? करायलाच पाहिजे खरं तर.

कोपऱ्यातला: ताईंशी सहमत. भाऊ, कागदपत्रं मागायचं नीट शिकून घे. आपल्या माहिती अधिकारात ३० दिवस, तिकडे केंद्राच्या कायद्यात कामकाजाचे २० (प्रत्यक्षात बरंच लांबतं), आणि राज्यांचे कायदे वेगळे, मिझुरीचा सनशाइन लॉ. आणि गाडी चालवायला शिक, लहान शहरात बसच्या भरवशावर रिपोर्टिंग होत नाही.

वऱ्हाडी_बातमीदार: ताई, अर्जात कोणत्या बातम्या जोडल्या होत्या तुम्ही? माझं सगळं काम मराठीतच आहे.