मॉड्युलर लॅपटॉपचा एक पोर्ट गेला: खेड्यात हे यंत्र कामाचं की नुसती हौस?

सरकी_बोंड: हिंगणघाट तालुक्यात एका कापसाच्या जिनिंगवर हिशेब पाहतो. भावाने बाहेरदेशातून मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग घरीच बदलता येणारा, लॅपटॉप आणून दिला. बाजूच्या खाचांत छोटी कार्डं सरकवायची: टाइप-सी, टाइप-ए, एचडीएमआय, हवं ते हव्या जागी. आता उजवीकडची मागची खाच रुसलीय. टाइप-सीच्या कार्डात चार्जरची पिन एका बाजूने घातली तर चार्ज होतो, उलटी केली की ढिम्म. टाइप-एच्या कार्डात पेन ड्राइव्ह दिसतो, पण गोगलगाय. तरी माझं म्हणणं, खेड्यात हाच लॅपटॉप बरा. साधा असता तर नागपूरच्या दुकानात पडून राहिला असता. मी कार्ड डावीकडे सरकवलं आणि काट्याच्या पावत्या काढत बसलो.

पांदण_रस्ता: राजेहो, मले हे पटत नाई. खाच बदलली म्हंजे दुरुस्ती झाली काय? उद्या डावीकडची गेली तं? कंपनीचं सर्विस सेंटर इकडं नाई, बोर्ड मागवाचा तं बाहेरून. माह्या जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड सीताबर्डीत त्याच दिवशी भेटला. सुटं होते म्हून सोपं होत नाई, सुटा भाग भेटला पायजे.

सरकी_बोंड: पण दोष कुठे आहे हे तरी कळलं ना? उजवीकडचं कार्ड डावीकडे घातलं, नीट चाललं. डावीकडचं उजवीकडे आणलं, तोच त्रास. म्हणजे कार्ड ठीक, खाच खराब. साध्या लॅपटॉपमध्ये हे घरबसल्या कळलं असतं का?

कावेचं_दुकान: तालुक्याला दुरुस्तीचं दुकान आहे माझं. दादा, निदान बरोबर, पण अर्धं. कार्ड कोणतंही असो, खाचेच्या आत टाइप-सीचं सॉकेट असतं, त्यात २४ पिना. केबल कोणत्या बाजूने लागली हे ओळखायला सीसीच्या दोन पिना; त्यातली एक टेकत नसेल तर एकाच बाजूने चार्ज होतं. पेन ड्राइव्ह हळू, म्हणजे जलद डेटा वाहणाऱ्या पिनांच्या जोड्याही टेकत नाहीत, जुन्या यूएसबी २.० च्या तारांवर गाडी चाललीय. सेकंदाला ५ गिगाबिटच्या जागी ४८० मेगाबिट. दोन्ही लक्षणं एकत्र, तर बोर्ड मेला असं लगेच म्हणू नका. कार्डाची पिन खाचेत पूर्ण आत जातेय का ते पाहा. आणि खरं सांगा, काढलेली कार्डं ठेवता कुठे?

सरकी_बोंड: शर्टाच्या खिशात.

कावेचं_दुकान: जिनिंगमध्ये? मग झालंच! खिशातली रुई कार्डाच्या टोकाला चिकटते, खाचेत जाते आणि प्रत्येक वेळी अजून दाबली जाते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, टॉर्च धरून बारीक तासलेल्या लाकडी टूथपिकने हळूच बाहेर ओढा. सुई नको. सीसीच्या पिनेला लागूनच चार्जिंगच्या वीजेची पिन आहे, वाकून एकमेकींना टेकल्या तर बोर्डच जळेल.

पांदण_रस्ता: पाहा, दुकानदारच लागला ना शेवटी! सरकारनं डिसेंबर २०२२ मधे राइट टू रिपेअरचं, म्हंजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्याच्यात त्याच कंपन्या ज्या इकडं विकतात. तुमची त्याच्यात कशी असन?

कावेचं_दुकान: पोर्टलचं मला सांगू नका भाऊ. माझ्याकडे येणारे निम्मे लॅपटॉप असे की पोर्टसाठी अख्खा बोर्ड उतरवावा लागतो. हा निदान उघडता येतो. पण सॉकेट खरंच तुटलं तर गरम हवेचं मशीन लागेलच, तिथे मॉड्युलर-बिड्युलर काही चालत नाही.

सरकी_बोंड: काढलं. मुगाच्या दाण्याएवढा दाबलेला कापसाचा गोळा निघाला. चार्जिंग आता दोन्ही बाजूंनी. पेन ड्राइव्ह मात्र अजून हळूच. कार्डं आता खर्र्याच्या (सुपारी-तंबाखू-चुन्याच्या) रिकाम्या डबीत ठेवतो.

पांदण_रस्ता: म्हंजे अर्धा पोर्ट सुधरला. आन् डबी धुतली काय? चुना राहिला असन तं रुईपेक्षा वाईट.