विहिरीच्या काळ्या दगडात शंख कसे आले?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या वावरात विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये पांढरट, गारगोटीसारखा पट्टा लागला असून त्यात नखाएवढे शंख आहेत. लाव्हारसाच्या दगडात जीव कसा?

उत्तर : ते लाव्हारसात नव्हे, दोन उद्रेकांच्या मधल्या काळात जगले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हे उद्रेक थांबून थांबून होत; थंड झालेल्या खडकावर तळी साचत, त्यांत गोगलगायी वाढत आणि पुढचा लाव्हारस तो गाळ झाकून टाकी. त्यात सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य, मुरल्याने तो इतका कठीण झाला.

प्रतिसाद : म्हणजे येथे समुद्र होता?

उत्तर : नाही, असे शंख बहुधा गोड्या पाण्यातले असतात, नागपूरजवळच्या टाकळीतही ते सापडले आहेत. जीवसृष्टी किमान ३५० कोटी वर्षांची असल्याने हे तसे अलीकडचेच. पुढचा सुरुंग लावण्यापूर्वी एक तुकडा मात्र काढून ठेवावा.