विषय: सॉगस (मॅसॅच्युसेट्स, अमेरिका) येथील जुन्या लोखंड कारखान्याच्या सहलीच्या पत्रकातील तिसरे वाक्य

सप्रेम नमस्कार,
"लोखंड कारखान्याच्या व्यवस्थापकाने 1646 मध्ये बांधलेले घर" हे वाक्य छपाईला जाण्यापूर्वी बदलावे, अशी आग्रहाची विनंती आहे. 1646 हे साल कारखान्याचे आहे. भट्टी 1670 च्या सुमारास कायमची विझली आणि हे लाकडी सांगाड्याचे घर 1680 च्या दशकात उभे राहिले. लोवेलच्या सहलीत आपण चुकीचे साल सांगितले आणि मुलांनी तेच शाळेच्या वहीत उतरवले, हे सर्वांच्या स्मरणात असेलच.
– ग्रंथालय विभाग

काका,
पत्रक समितीने संमत केलेले आहे आणि मजकूर आज रात्री छपाईला जायचा आहे. त्या घराला आजही 'आयर्न वर्क्स हाऊस' म्हणतात, आणि व्यवस्थापकाचे घर म्हणूनच ते अनेक वर्षे ओळखले जात होते. मग कारखान्याचा उल्लेखच गाळावा काय?
– सहल समिती

ताई,
उल्लेख अवश्य राहू द्या. त्या आवारात सतराव्या शतकापासून उभी असलेली इमारत ही एकच. भट्टी, घणशाळा आणि पाणचक्क्या उत्खननाच्या आधारे पुन्हा बांधून 1954 मध्ये खुल्या झाल्या. मागच्या वर्षी मी त्या घराच्या मधल्या तुळईखाली उभा राहिलो, तेव्हा वाईच्या आमच्या वाड्याची माजघरातली तुळई आठवली. तिथेही एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून वर लाकडी खुंटी ठोकलेली होती. लोखंडाच्या कारखान्याशेजारी बांधलेल्या घराचा सांगाडासुद्धा खिळ्यांवर नव्हे, तर खुंट्यांवर उभा आहे, हे मुलांना हाताने चाचपून पाहता आले तर फार बरे होईल. मात्र हात लावण्यास परवानगी आहे का, हे आधी विचारावे.
– ज्येष्ठ गट

चाचपण्याचा विषय सहल समिती पाहील. मला साल महत्त्वाचे वाटते. शिवाय 1915 मध्ये छायाचित्रकार आणि जुन्या वस्तूंचे संग्राहक वॉलेस नटिंग यांनी ते घर विकत घेऊन त्याची पुनर्रचना करवली, त्यामुळे छोट्या तावदानांच्या खिडक्यांखाली 'मूळ' असे लिहू नये.
– ग्रंथालय विभाग

काका, वाक्य असे केले आहे: "1646 च्या लोखंड कारखान्याच्या आवारात, भट्टी विझल्यानंतर 1680 च्या दशकात बांधलेले आणि 1915 नंतर पुन्हा घडवलेले लाकडी सांगाड्याचे घर." खिडक्यांच्या छायाचित्राखालचा 'मूळ' हा शब्दही काढला आहे. नऊ वाजेपर्यंत हरकत न आल्यास छपाईला पाठवते.
– सहल समिती